सोसणे, दैव आणि स्त्रीचे हृदय

सततचे दुःख हृदयाला इजा करते, ही गोष्ट वैद्यकाने आता मान्य केली आहे. ती मान्य झाली की धर्मविचारापुढे एक अडचण उभी राहते. दुःख मुकाट्याने सोसणे हा बाईचा गुण मानला गेला, तर तो गुण तिचे शरीर झिजवणारा ठरतो. मग त्याला धर्म म्हणायचे का? खान्देशातल्या चाळीसगाव, पाचोरा, पारोळा, धुळे या पट्ट्यात घराघरांत हा प्रश्न रोजच्या बोलण्यात दडलेला असतो. बाई सांगते, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, काळजात कालवतं. ऐकणारा म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस. या सल्ल्यात दोन गृहीते आहेत. मनाचे दुखणे हे खरे दुखणे नव्हे, हे पहिले. आणि मनाचे दुखणे सोसायचेच असते, हे दुसरे. पहिले ज्ञानाविषयी आहे, दुसरे आचाराविषयी, आणि दोन्हींबद्दल भारतीय दर्शनांनी व आयुर्वेदाने पुष्कळ काही म्हणून ठेवले आहे. त्यातले बरेचसे रूढ समजुतीच्या उलट जाते.

आधी वैद्यकाचे म्हणणे पाहायला हवे. नैराश्य स्त्रियांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळते. नैराश्य, दीर्घकाळची चिंता आणि ताण यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो आणि झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे बरे होणे लांबते. सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यामागची नऊ कारणे मोजली. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीला मानसिक-सामाजिक ताण बसला, आणि त्याचा वाटा सुमारे एक तृतीयांश निघाला. हे घडते कसे, याचे धागेही बऱ्यापैकी हाती आले आहेत. ताणात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते. शिवाय खचलेले माणूस औषध विसरते, चालणे सोडते, जेवणाची वेळ पाळत नाही.

मनाचा घाव थेट हृदयावर कसा उमटतो, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण जपानमधून आले. १९९० मध्ये हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ताकोत्सुबो’ नावाचा विकार वर्णन केला. रुग्णाला झटक्यासारखीच छातीत कळ येते, ईसीजी बदलतो, रक्तातले ट्रोपोनिन वाढते. पण अँजिओग्राफीत धमनी मोकळी दिसते आणि हृदयाचा डावा कप्पा मात्र टोकाशी फुगून थिजलेला असतो. जवळच्या माणसाचा मृत्यू, भांडण, अपघात, भीती असे काही तरी बहुधा नुकतेच घडलेले असते. या विकाराच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्यातही पाळी गेलेल्या अधिक. २००४ मध्ये जपानच्या निगाता भागात मोठा भूकंप झाल्यावर तिथे या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात, पण काही दगावतात. दुःखाने ऊर फुटणे ही कविकल्पना राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट निदानाची. १९९१ मध्ये बर्नाडीन हीली या अमेरिकी हृदयतज्ज्ञ स्त्रीने लिहिले की हृदयरोग पुरुषाच्या तोंडवळ्याचा दिसल्याशिवाय बाईला पुरुषाइतके उपचार मिळत नाहीत. १९९६ पासून अमेरिकेत चाललेल्या ‘वाइज’ या अभ्यासात, छातीत दुखणाऱ्या पुष्कळ स्त्रियांच्या मोठ्या धमन्या मोकळ्या आढळल्या, पण त्यांच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या नीट प्रसरण पावत नव्हत्या. अशा बाईला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून परत पाठवले जात होते. छातीतली कळ स्त्रियांतही मुख्य लक्षण असतेच. तिच्याबरोबर धाप, विलक्षण थकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे हे त्यांच्यात अधिक येते. महाराष्ट्राच्या खेड्यांत आणखी एक गुंता आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असले की हृदयाला जास्त वेगाने धावावे लागते आणि छाती धडधडते. म्हणजे धडधड मनाची असेल, हृदयाची असेल, रक्ताची असेल किंवा तिन्हींची मिळून असेल. ‘मनाचं आहे’ हे वाक्य निदानाच्या शेवटी बोलायचे असते. ते सुरुवातीलाच बोलले जाते, ही चूक आहे.

आता पहिले गृहीत. मन आणि शरीर ही दोन परकी राज्ये आहेत, अशी विभागणी युरोपात सतराव्या शतकात तत्त्वज्ञ देकार्तने पक्की केली. मजा अशी की तिच्यावरचा सर्वांत नेमका आक्षेप एका स्त्रीने घेतला. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये देकार्तला पत्र लिहून विचारले, की ज्याला आकार नाही, विस्तार नाही, असे मन शरीराला हलवते तरी कसे? त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही. दोन वर्षांनी ही राजकन्या बारीक तापाने आजारी पडली, तेव्हा त्याच देकार्तने तिला कळवले की अशा तापाचे नेहमीचे कारण दुःख असते. सिद्धांतात वेगळे काढलेले मन रोगाच्या वेळी त्याला शरीरात परत आणावे लागले. त्याच शतकात, १६२८ मध्ये, रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वेनेही नोंदवले होते की आशा, भीती, सुख, दुःख यांचा परिणाम हृदयापर्यंत पोचतो.

भारतीय दर्शनांना ही अडचण या रूपात आली नाही. सांख्यांनी रेघ ओढली ती मन आणि शरीर यांच्यामध्ये ओढली नाही. पुरुष, म्हणजे साक्षी चैतन्य, एका बाजूला आणि प्रकृती दुसऱ्या बाजूला, अशी ओढली. मन, बुद्धी, अहंकार हे सारे प्रकृतीच्या बाजूला पडतात, म्हणजे शरीराच्याच गोतात. अद्वैत वेदान्तातही मन हे सूक्ष्म शरीराचा भाग आहे. ते स्वतः जड, आत्म्याच्या प्रकाशाने उजळलेले. जळगाव जिल्ह्यातल्याच अमळनेरला प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले, आणि तिथे जी. आर. मलकानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच अद्वैताची मांडणी आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानाच्या समोर ठेवून वर्षानुवर्षे केली. खान्देशच्या कापूसपट्ट्यात आत्मा आणि मन यांच्या भेदावर इंग्रजीतून वाद चालत होता, ही हकीकत जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. या मांडणीचा इथे लागू पडणारा अर्थ सरळ आहे. मन शरीराच्याच जातीचे असेल, तर मनाने हृदय बिघडावे यात नवल काहीच नाही, आणि ‘मनाचं आहे’ म्हणजे ‘खोटं आहे’ हा निष्कर्ष तर कोणत्याच दर्शनातून निघत नाही.

आयुर्वेद याहून पुढे जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिसावा अध्याय हृदयावर आहे. सहा अंगांचे शरीर, इंद्रिये, त्यांचे विषय, गुणांसह आत्मा, चित्त आणि चिंतनाचा विषय हे सारे हृदयाच्या आश्रयाने राहतात, असे तिथे म्हटले आहे. चिकित्सास्थानात हृद्रोगाची कारणे देताना अतिव्यायाम आणि आघात यांच्याबरोबर चिंता, भय आणि त्रास यांची नावे येतात. चरकाचा हृद्रोग म्हणजे आजचा धमनीविकार नव्हे. दोन्हींची सरळ बरोबरी करणे अडाणीपणाचे होईल, आणि ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ या छापाचे लेखन तेच करते. पण मनाचे कारण शरीराच्या कारणांच्या यादीत, वेगळे न काढता बसवायचे, ही विचाराची पद्धत मात्र महत्त्वाची आहे.

वैद्यकाची ही परंपरा या परिसराला परकी नव्हती. चाळीसगावच्या दक्षिणेला, पाटणादेवीच्या डोंगररांगेच्या वर, कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिलालेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचे दान नोंदले आहे, आणि त्याच्या मुलाबरोबर मुलीचेही नाव दात्यांत आहे. बौद्ध परंपरेच्या पाली सूत्रांपैकी एक, सल्लसुत्त, या विषयाला नेमके भिडते. शरीराची वेदना हा पहिला बाण. तिच्यावर शोक करणे, छाती बडवणे, व्याकूळ होणे हा स्वतःच मारून घेतलेला दुसरा बाण, असे बुद्ध सांगतो. दुसरा बाण टळतो तो वेदनेकडे नीट पाहिल्याने. ती लपवल्याने टळतो, असे सूत्र म्हणत नाही. हा फरक सोसण्याच्या प्रश्नात निर्णायक आहे.

कारण दुसरे गृहीत, म्हणजे मनाचे दुखणे सोसायचेच असते हे, धर्मग्रंथांचा आधार घेऊन उभे असते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण, सुख-दुःख येतात आणि जातात, ती सहन कर, असा उपदेश आहे. त्याला तितिक्षा म्हणतात. पण हा उपदेश कोणाला आणि केव्हा केला आहे? पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःच्या शरीराची अवस्था तपशीलवार सांगतो: गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंग कापते आहे, हातातून धनुष्य सुटते आहे, मन गरगरते आहे. तीव्र मनोव्यथेत शरीराचे काय होते याचे इतके नेमके वर्णन जुन्या वाङ्मयात विरळाच सापडते. कृष्ण त्याला ठणकावतो, क्लैब्य सोड म्हणतो. पण त्याचे ऐकून घेतो, आणि अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याशी बोलतो. अर्जुनाच्या विषादाला परंपरेने योगाचे नाव दिले. चाळीसगावच्या एखाद्या बोळातली सासुरवाशीण हीच लक्षणे सांगते तेव्हा तिच्या वाट्याला तितिक्षेचा श्लोक तेवढा येतो, संवाद येत नाही. श्लोक संवादातून तोडून वापरणे हा ग्रंथाचा आधार नव्हे.

चरकाने या बाबतीत एक फार बारीक भेद केला आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात शरीराचे कोणते वेग रोखू नयेत आणि मनाचे कोणते वेग रोखावेत, याच्या दोन याद्या आहेत. लोभ, क्रोध, भय यांच्याबरोबर शोकाचा वेगही आवरावा, असे दुसरी यादी सांगते. पहिल्या यादीत मात्र अश्रू आहेत. भूक, तहान, झोप यांच्याप्रमाणे अश्रूही अडवू नयेत, आणि ते अडवल्याने जे रोग होतात त्यांत पडसे, नेत्ररोग, अरुची, भोवळ यांच्याबरोबर हृद्रोगाचे नाव घेतले आहे. दोन्ही याद्या एकत्र वाचल्या की अर्थ उलगडतो. शोकाच्या भरात माणसाने काय करावे यावर ताबा हवा. शोक झालाच नाही असे भासवू नये. घरच्या शिस्तीत नेमके उलटे शिकवले जाते. बाईने रडू दाखवायचे नाही, आणि आत मात्र शोक वर्षानुवर्षे राहू द्यायचा.

सोसण्याला दुसरा टेकू दैवाचा असतो. ‘भोग आहेत’ असे म्हटले की चर्चा संपते. कर्मसिद्धांताचे हे वाचन आळशी आहे, हे चरकसंहितेवरूनच दिसते. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, आयुष्य ठरलेलेच असते का, असा प्रश्न अग्निवेश हा शिष्य विचारतो. गुरू आत्रेयाचे उत्तर असे: पूर्वजन्मीचे कर्म ते दैव, या जन्मीचे कर्म तो पुरुषकार, बलवान पुरुषकार दुबळ्या दैवावर मात करतो, आणि सगळ्यांचे आयुष्य ठरलेलेच असते तर औषध, मंत्र, होम, उपवास यांतले काहीही करण्याला अर्थ उरला नसता. कर्म मानणाऱ्या परंपरेच्या आतूनच आलेला हा युक्तिवाद आहे, त्यामुळे तो श्रद्धाळू घरातही बोलता येतो. खान्देशात त्याचे लौकिक रूप बहिणाबाई चौधरींकडे सापडते. आसोद्याच्या शेतकरी घरातल्या, निरक्षर, ऐन तिशीत विधवा झालेल्या या बाईने मनावर आणि दैवावर रचना केल्या. एका कवितेत ती ज्योतिषाला दारातूनच माघारी धाडते, कारण तिचे दैव तिला त्याच्याआधी कळलेले आहे. १९५१ मध्ये तिचे निधन झाले. तोवर तिची गाणी घराबाहेर फारशी कोणाला माहीत नव्हती. पण तिने ती जात्यावर आणि शेतात मोठ्याने म्हटली होती. दुःख मान्य करणे आणि दैवापुढे मान तुकवणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे तिच्या आयुष्यावरून दिसते.

सोसण्याचा विचार करताना बाई किती सोसू शकते हेच मोजले जाते. सोसायला लावणारा कोण, हे विचारले जात नाही. स्टॉकहोममध्ये हृदयविकार झालेल्या स्त्रियांचा एक अभ्यास क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या संसारात तीव्र ताण होता त्यांना पुन्हा हृदयविकाराचा प्रसंग येण्याचा धोका जवळपास तिप्पट निघाला. नोकरीतल्या ताणाने तसा धोका वाढलेला दिसला नाही. स्वीडनमधला आकडा खान्देशाला जसाच्या तसा लावता येणार नाही. इथे संसारात नवऱ्याबरोबर सासू, दीर, जाऊ, कर्ज आणि कपाशीचा भाव हे सगळे असतात, आणि शेतमजूर बाईला घर आणि काम असे दोन कप्पे नसतातच. तरी एक गोष्ट ठरते. हृदय सांभाळू इच्छिणाऱ्याने मनाच्या दुःखाची कारणे विशेष करून टाळावीत, असे चरकाचा तिसावा अध्याय सांगतो. ही कारणे जर घरात असतील तर ती टाळण्याचे कर्तव्य एकट्या बाईवर टाकता येत नाही. पतिव्रतेच्या धर्मावर पोथ्या भरल्या आहेत. बाईचे मन न दुखवणे हा घराचा धर्म म्हणून त्या मानाने फारच कमी ठिकाणी सांगितला गेला.

याचा अर्थ धर्माचार स्त्रीच्या मनाला जाचतोच, असा नाही. खान्देशचे सण पाहिले तर त्यांची बरीच रचना मन मोकळे करण्याची आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, झोक्यावर गाणी म्हटली जातात, आणि त्यांत सासरच्या जाचाची गाऱ्हाणी उघड असतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते. भाऊबंद एकत्र येतात, बाया रात्रभर गातात, फुगड्या घालतात, दुसऱ्या दिवशी नाचत विसर्जनाला जातात. जात्यावरच्या ओव्यांत तर विठोबाला भाऊ करून दुःख सांगण्याची रीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. सोसण्याचा उपदेश पोथीतून आला असेल, पण बायकांनी स्वतः घडवलेला धर्म बोलण्याचा आहे.

अशा सामूहिक धर्माचाराचा आरोग्याला उपयोग होतो का, याचा काहीसा पुरावा आहे. सुमारे ७४ हजार अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत, आठवड्यातून एकाहून अधिक वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या स्त्रियांचा मृत्युदर कधीच न जाणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांचा आधार, कमी नैराश्य, कमी धूम्रपान हे त्यामागचे काही दुवे दिसले. मात्र ही निरीक्षणे आहेत. देवळात जाऊ शकणारी बाई मुळातच थोडी धडधाकट असते, हेही लक्षात घ्यावे लागते. उपचारांच्या प्रयोगांचे निकाल संमिश्र आहेत. २००३ च्या ‘एनरिच्ड’ या मोठ्या अमेरिकी प्रयोगात झटक्यानंतर समुपदेशन दिल्याने नैराश्य कमी झाले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. उलट २००९ मध्ये स्टॉकहोममधून आलेल्या प्रयोगात २३७ हृदयरोगी स्त्रियांपैकी निम्म्यांना फक्त बायकांच्या छोट्या गटांत वर्षभर एकत्र बसवून ताण हाताळायला शिकवले. सरासरी सात वर्षांत त्यांच्यातल्या ७ टक्के दगावल्या; नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतल्या २० टक्के. प्रयोग लहान आहे, पण गटातल्या बायका एकमेकींशी काय बोलल्या असतील याचा अंदाज कानबाईच्या रात्री जागवलेल्या बाईला सहज येईल.

राहतात व्रते. श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र, एकादशी असे वर्षभराचे उपास बाई घरासाठी करते आणि उपासाच्या दिवशी गोळ्याही सोडते. हृदयरोग्याला हे घातक आहे. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांत खंड पडला तर तिथे गाठ होऊ शकते. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना निर्जळी उपास केला तर रक्तदाब एकदम उतरतो. मधुमेहाची काही औषधे उपाशीपोटी घेतली तर साखर घसरते, म्हणून वेळापत्रक डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावे लागते. धर्मशास्त्राची यात आडकाठी नाही. व्रताचे नियम सांगणाऱ्या निबंधग्रंथांत, आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे एक प्रसिद्ध वचन आहे. पाणी, मुळे, फळे, दूध यांपासून सुरू होणारी ती यादी औषधावर संपते. गुरूने दिलेली मोकळीकही त्यात आहे. ही यादी हरतालिकेच्या पुस्तिकांत छापली जात नाही, एवढीच गोष्ट आहे.

शेवटचा भाग बाधेचा. धडधड, घाम, हातापायाला मुंग्या, मरणाची भीती ही लक्षणे पॅनिकच्या झटक्यातही असतात आणि हृदयाच्या झटक्यातही. काही घरांत ती बाहेरची बाधा समजली जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवीला नवस बोलणे गुन्हा नाही, आणि त्याने कोणाचे हृदयही बिघडत नाही. बिघडते ते वेळ गेल्याने. पॅनिक, ताकोत्सुबो आणि धमनी बंद होऊन आलेला झटका यांतला फरक नाडी पाहून किंवा बाईचा स्वभाव आठवून सांगता येत नाही. त्याला ईसीजी लागतो, काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिन लागते, कधी अँजिओग्राफी लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठी आहे. हृदय सुरक्षित असल्याचे कळल्यावर मनाच्या उपचारासाठी २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा आहे, आणि तिच्यावर मराठीतून बोलता येते.